आगाऊ विद्यार्थी आणि सार्वजनिक द्रव्य : वऱ्हाडच्या अनुषंगाने एक विवेचन

'आगाऊ' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. रकमेस लावला असता ती रक्कम मुदतीपूर्वी दिलेली ठरते. मुलास लावला असता तो मुलगा आपल्या वयाची पायरी सोडून बोलणारा ठरतो. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'वेळेच्या आधी' हीच एक कल्पना आहे. पैशाने वेळेच्या पुढे जावे यास आपल्या भाषेची हरकत दिसत नाही, मुलाने जावे यास मात्र दिसते. 'अकाली' हे विशेषण आपण पावसास आणि मृत्यूस लावतो. 'अकालप्रौढ' म्हणताना कौतुकापेक्षा काळजीच अधिक असते. शब्दार्थावरून समाजाचे धोरण सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने इतरांपेक्षा अधिक जपून लक्षात ठेवले पाहिजे. तथापि शब्दाने सुचविलेली शंका इतिहासाच्या कसोटीस लावून पाहण्यास प्रत्यवाय नसावा. जो विद्यार्थी केवळ बुद्धीच्या बळावर रूढ वयाच्या आधी उच्च विद्येच्या दाराशी येऊन उभा राहतो, त्यास सार्वजनिक द्रव्याने आपल्याकडे कधी हात दिला काय, आणि दिला असल्यास कोणत्या अटीवर, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे. यवतमाळ जिल्हा दृष्टीपुढे ठेवला आहे तो एवढ्याचसाठी की, विद्यापीठापासून दूर असलेल्या मुलखात या प्रश्नाचे स्वरूप निराळे होते.

विद्येसाठी दिल्या जाणाऱ्या द्रव्यास मराठीत एक नाव नाही. दक्षिणा, नादारी, शिष्यवृत्ती, विद्यावेतन असे चार शब्द निरनिराळ्या काळी पुढे आले व त्यांतील प्रत्येकात देणाराची दृष्टी गोठून राहिली आहे. दक्षिणा ही संपादन केलेल्या विद्येबद्दल द्यावयाची. ती मागे पाहते. 'वृत्ती' म्हणजे योगक्षेमाचे साधन. शिष्यवृत्ती ही पुढे व्हावयाच्या अध्ययनासाठी असते, म्हणून ती पुढे पाहते. 'नादारी' हा फारसी शब्द. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. शाळेची फी माफ करताना विद्यार्थ्याचे दारिद्र्य तेवढे पाहिले जाई, आणि दारिद्र्याचा दाखला आणावा लागे. नादारी मिळालेला मुलगा वर्गात पहिला येत असला तरी त्याच्या नावापुढे लागे ती नादारीच. 'विद्यावेतन' हा शब्द कचेरीच्या भाषेतला असून त्यात अध्ययन ही एक प्रकारची चाकरी कल्पिलेली आहे. यांपैकी दक्षिणा या एकाच शब्दात काळाचा वा वयाचा हिशेब मुळीच नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दक्षिणेची प्रथा सेनापती दाभाडे यांच्या तळेगावी वाढली व त्यांचे वैभव उतरल्यावर पुण्यास पेशव्यांकडे आली, हा इतिहास वाचकांस परिचित आहे. श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जमणारा समुदाय आणि शास्त्रनिपुण म्हणून निराळा सन्मान पावणारे पंडित, असे तिचे दोन भाग होते. पहिल्यात दानधर्माचा अंश मोठा होता. दुसऱ्यात विद्येची पारख होती, आणि ती पारख ग्रंथांची होती. पाठशाळेच्या परंपरेत विद्यार्थ्याची प्रगती वर्षांनी मोजण्याची चालच नव्हती. अमुक काव्ये झाली, कौमुदी झाली, न्यायाचा अमुक ग्रंथ चालू आहे, असे सांगितले म्हणजे त्याची इयत्ता समजली. सोळाव्या वर्षी कौमुदी संपविणारा आणि चोविसाव्या वर्षी संपविणारा हे त्या हिशेबात सारखेच. या व्यवस्थेचा गौरव करण्याचा हेतू नाही. तिचे दार एका जातीपुरते उघडे होते, स्त्रियांस तर ते नव्हतेच. वयाची अट नव्हती हे खरे, पण जन्माची अट होती आणि ती वयाच्या अटीहून कितीतरी कठोर. वय निदान दरवर्षी वाढते.

१८१८ नंतर कंपनी सरकारने दक्षिणेसाठी वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा घातली. याच निधीच्या आधाराने १८२१ च्या ऑक्टोबरात विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले. पुढे नवीन दक्षिणा देणे बंद होत जाऊन शिल्लक विद्यावृद्धीकडे वळू लागली. मराठी ग्रंथरचनेस या निधीतून उत्तेजन मिळावे यासाठी १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृतींनी केलेला अर्ज, त्यावर जुन्या मंडळींनी माजविलेले काहूर आणि १८५१ मध्ये स्थापन झालेली दक्षिणा प्राइझ कमिटी, हा आपल्या प्रबोधनाच्या इतिहासातील एक रसपूर्ण भाग होय. परंतु येथे अधिक महत्त्वाचा आहे तो या निधीचा अखेरचा अवतार, म्हणजे दक्षिणा फेलो. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि लौकरच कॉलेजातील निवडक विद्यार्थ्यांस दक्षिणा फेलो नेमण्यात येऊ लागले. रा. गो. भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही अशा रीतीने दक्षिणा फेलो झाले. रानड्यांस कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा ६० रुपये व पुढे वरिष्ठ फेलो म्हणून १२० रुपये मिळत. त्या काळाच्या मानाने ही रक्कम एका कुटुंबाच्या निर्वाहास पुरून उरणारी होती.

फेलोने स्वतः शिकावयाचे आणि खालच्या वर्गांस शिकवावयाचेही, अशी ती योजना होती. म्हणजे जो आपल्या बरोबरीच्यांच्या पुढे गेला आहे, त्याच्या पुढे जाण्यासच तेथे काम आणि मोल होते. पुढे गेलेल्या विद्यार्थ्यास थोपवून धरण्याऐवजी त्याच्या गतीचा उपयोग करून घेण्याची इतकी सरळ व्यवस्था आपल्या प्रांतात पुन्हा झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. द्रव्याबरोबर दात्याची मर्जी येते हेही तेथे दिसले. इंग्रजी राज्याशी मराठ्यांच्या राज्याची तुलना करून मराठ्यांकडे झुकते माप देणारा निबंध लिहिल्याबद्दल रानड्यांची वृत्ती सहा महिने बंद केली गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलगा हुशार असावा, पण आगाऊ असू नये!

या साऱ्या व्यवस्थेवरील सर्वांत मूलगामी टीका कॉलेजाच्या आतून आली नाही. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात सरकारी शिष्यवृत्त्यांचा स्वतंत्र विचार आहे. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे हे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी ज्या वर्गांस विद्येची गोडी आधीच लागलेली आहे त्यांच्याच पदरात ती पडते व इतरांत विद्येचा प्रसार होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. काही शिष्यवृत्त्या मागे राहिलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात अशी त्यांची सूचना होती. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे व तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कॉलेजात न जाता घरी अभ्यास करणाऱ्यांस प्रवेश परीक्षेप्रमाणेच विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांसही बसू द्यावे, असे जोतीरावांनी सुचविले होते. या दोन सूचना एकत्र वाचल्या म्हणजे त्यांचा रोख ध्यानी येतो. दार ज्ञानाच्या मापाने उघडावे, आणि द्रव्य मात्र गरजेच्या मापाने द्यावे. आपल्याकडे पुढे बहुशः याच्या उलट घडले.

वयाची अट विद्यापीठीय व्यवहारात घट्ट होत गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने मॅट्रिकसाठी किमान वय असावे असे मत दिले. कोवळ्या वयात परीक्षेसाठी घोकंपट्टी करणारी मुले, आणि त्यांना लौकर नोकरीस लावण्यास उत्सुक पालक, हे चित्र आयोगापुढे होते; ते खोटे नव्हते. पण अट एकदा लिहिली गेली की ती घोकणाऱ्यास आणि समजणाऱ्यास एकच लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म नोव्हेंबर १८८८ चा. त्यांनी १९०४ मध्ये मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली. आपल्या परंपरेत तर याहून थोर उदाहरण आहे. रूढ मिती मानल्यास ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ चा आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पंधराव्या वर्षाचा हा ग्रंथ आम्ही पदव्युत्तर वर्गास लावतो. त्याच्या कर्त्याच्या वयाचा विद्यार्थी मात्र त्या वर्गात बसू शकत नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, पण मुंबई इलाख्याचा तो भाग नव्हता. १९०३ पर्यंत त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता आणि त्यानंतर ते मध्यप्रांताशी जोडले गेले. म्हणजे ज्या दक्षिणानिधीचा वर उल्लेख केला, त्याच्या छायेत हा मुलूख कधी आलाच नाही. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्यास आजचे नाव व पुसदसह विस्तृत रूप मिळाले. अकोला व अमरावती येथे हायस्कुले होती, पण सबंध वऱ्हाडात कॉलेज नव्हते. नागपूरची हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये प्रथम कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. अमरावतीचे स्वतंत्र विद्यापीठ होण्यास १९८३ साल उजाडावे लागले. वणीत १८८० मध्ये जन्मलेले माधव श्रीहरी अणे यांच्या पिढीस कॉलेज म्हणजे नागपूर, आणि पदवी मात्र कलकत्त्याची.

या भूगोलाचा आपल्या प्रश्नाशी अगदी निकटचा संबंध आहे. पुण्यामुंबईतील तेरा-चौदा वर्षांचा तल्लख मुलगा कॉलेजात जाऊ लागला तरी तो संध्याकाळी आईच्या हातचे जेवत असे. दारव्ह्याच्या वा केळापूरच्या मुलास तेच करावयाचे तर घर सोडावे लागे. त्यास ठेवणार कोण, त्याचे पाहणार कोण, हा प्रश्न बुद्धीच्या आधी येई. ग्रामीण जिल्ह्यात 'लौकर' याचा अर्थ 'दूर' असा होतो. म्हणून फी माफ करणे हे अशा विद्यार्थ्याच्या खर्चातील सर्वांत लहान कलम होय. मोठे कलम निवासाचे, आणि द्रव्याने सहज न मिळणारे कलम पालकत्वाचे.

या मुलखात लौकर पोहोचणाऱ्यांपेक्षा उशिरा पोहोचणारेच अधिक होते, हेही विसरता कामा नये. पुढे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे. जन्म १ जुलै १९१३, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी. ए. १९३८ मध्ये. म्हणजे वय पंचवीस. घर संपन्न होते, वडील तांड्याचे नाईक होते. तरी प्राथमिक शिक्षणासाठीच गावोगाव फिरावे लागले आणि पुढे अमरावती-नागपूर गाठावे लागले. रामन यांचे वय आणि नाईकांचे वय यांतील अंतर हे बुद्धीचे अंतर नव्हे. शाळेच्या अंतराचे ते माप आहे. शिवाय वयाची नोंद ही खेड्यात मुळातच लवचीक बाब होती. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली, आणि आज महाराष्ट्रातील कितीतरी निवृत्त मंडळींचा वाढदिवस त्या एकाच दिवशी येतो. ज्या तारखेवर पुढे सर्व पात्रता ठरावयाची ती तारीख शाळा सुरू होण्याच्या हंगामावरून आलेली, ही गंमत प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

'लौकर' म्हणजे नेमके केव्हा, हेही स्थिर राहिले नाही. १९७५ पूर्वी अकरा वर्षांची शाळा संपली की मॅट्रिक झालेला विद्यार्थी थेट कॉलेजात जाई, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले तेथे सर्रास दिसत. मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली व पुढे कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे मध्ये आली. काल जे वय साधारण होते तेच आज अपवादात्मक ठरले, आणि त्यासाठी मुलांच्या बुद्धीत काहीच बदल व्हावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक द्रव्य पूर्वी कधी नव्हते इतके सढळपणे पुढे आले. अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्याचे यशवंतराव चव्हाण यांच्या कारकीर्दीतील धोरण हे नादारीचेच व्यापक व सन्मान्य रूप होते. बुद्धिमान ग्रामीण मुलांसाठी याहून निराळे पाऊल वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, मधुकरराव चौधरी यांच्या पुढाकाराने पडले. १९६६ पासून शासकीय विद्यानिकेतने निघाली. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेली खेड्यातील मुले निवडून, त्यांना पाचवीपासून शासनाच्या खर्चाने निवासी शिक्षण द्यावयाचे, ही ती योजना. सातारा जिल्ह्यात पुसेगाव, मराठवाड्यात औरंगाबाद, खानदेशात धुळे, वऱ्हाडात अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यात केळापूर अशी तिची ठाणी झाली. पुढे केंद्र सरकारने नवोदय विद्यालये काढली. १९८५-८६ मध्ये प्रयोगादाखल निघालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीस होते. यवतमाळ जिल्ह्याचे नवोदय विद्यालय बेलोरा येथे आहे.

या दोन्ही योजनांनी ग्रामीण विद्यार्थ्याची खरी अडचण ओळखली, हे त्यांचे मोठेपण. निवास, भोजन, पुस्तके आणि पालकत्व ही सर्व कलमे शासनाने उचलली. दहा-अकरा वर्षांच्या मुलास घरापासून दूर ठेवण्याचे धाडस, जे कोणतेही गरीब कुटुंब स्वतःच्या बळावर करू शकले नसते, ते येथे झाले. परंतु स्थळाच्या बाबतीत मुलास इतक्या लौकर पुढे नेणाऱ्या योजनेने काळाच्या बाबतीत त्यास एक पाऊलही पुढे जाऊ दिले नाही. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशासाठी जन्मतारीख दोन ठरावीक तारखांच्या दरम्यान असावी लागते. आणि ग्रामीण राखीव जागेसाठी तिसरी, चौथी व पाचवी या इयत्तांत प्रत्येकी पूर्ण एक वर्ष ग्रामीण शाळेत काढलेले असावे लागते. शहरी मुलांनी खोट्या दाखल्यांनी जागा बळकावू नयेत, हा या अटीचा हेतू उघड व योग्य आहे. पण परिणाम पाहा. एका वर्षात दोन इयत्ता चढविण्याची जुनी रीत एखाद्या शिक्षकाने आपल्या तल्लख विद्यार्थ्यासाठी वापरली, तर त्या विद्यार्थ्यास बुद्धिमंतांसाठी असलेली हीच ग्रामीण जागा नाकारली जाईल.

राष्ट्रीय योजनांची वाटचाल याहून वेगळी नाही. १९६३ मध्ये दिल्लीपुरता सुरू झालेला विज्ञान प्रज्ञाशोध पुढे देशभर पसरला व १९७६ पासून राष्ट्रीय प्रज्ञाशोध म्हणून त्यात सामाजिक शास्त्रेही आली; १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना निघाली. दोन्ही आता इतिहासजमा आहेत. दोहोंत निवड इयत्तेवरून होई. केंद्राच्या विज्ञान विभागाने २००८ मध्ये 'इन्स्पायर' योजना काढली. तीत विज्ञानाच्या पदवीसाठी वर्षाला ८०,००० रुपयांची वृत्ती ठेवण्यात आली, आणि वयाची कक्षा ठरली १७ ते २२. वरची मर्यादा समजण्यासारखी आहे. खालची मर्यादा कोणाच्या रक्षणासाठी? पंधराव्या वर्षी बारावी होऊन परिमंडळात वरच्या क्रमांकाने आलेला विद्यार्थी असलाच, तर 'प्रेरणा' या अर्थाचे नाव धारण करणाऱ्या योजनेच्या शब्दांत तो बसत नाही.

अन्यत्र याचा विचार निराळ्या रीतीने झालेला आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानाच्या शिक्षणविषयक निधीने शिकागो, कोलंबिया, येल व विस्कॉन्सिन या विद्यापीठांत शाळा पुरी न केलेल्या किशोरांना वृत्ती देऊन प्रवेश दिला. त्यामागे सक्तीच्या लष्करी सेवेपूर्वी काही शिक्षण पदरी पडावे हाही हेतू होता. ते द्रव्य खाजगी होते. चीनमध्ये १९७८ च्या मार्चमध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात किशोरांचा खास वर्ग सरकारी खर्चाने सुरू झाला आणि तो टिकला. सांस्कृतिक क्रांतीत वाया गेलेली वर्षे भरून काढण्याची घाई त्याच्या मुळाशी होती. दोन्ही ठिकाणी देशाला घाई होती म्हणून मुलांना लौकर आत घेतले गेले. मुलांची गती हे निमित्त होते. आपल्या राज्यकर्त्यांस अशी घाई कधी वाटली नाही, याची खंत करावी की समाधान मानावे हे सांगणे सोपे नाही.

येथे जोतीरावांचा आक्षेप पुन्हा समोर उभा राहतो. लौकर प्रवेशासाठी द्रव्य द्यावयाचे ठरले तर ते कोणाच्या मुलांना मिळेल? ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, ज्यांचे आईबाप मुलास तीन वर्षांचा असतानाच वाचावयास शिकवितात, त्यांच्या. आक्षेप बिनतोड आहे, आणि त्यास उत्तर असेल तर ते विद्यानिकेतनांच्या अनुभवातच शोधावे लागेल. निवड खेड्यातून, निवासाचा भार शासनावर, ही अर्धी गोष्ट आपण केलेली आहे. राहिलेली अर्धी अशी की, केळापूरच्या वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या मुलीचे गणित नववीतच बारावीच्या पुढे गेले असेल, तर त्या विषयापुरते तरी तिला पुढे जाऊ द्यावे, आणि तिच्या वृत्तीचा हिशेब इयत्तेने न करता झालेल्या अध्ययनाने करावा. पाठशाळेचा तो जुना हिशेब, जातीचे दार काढून टाकल्यावर, उपयोगी पडण्यास हरकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या नियमांनी पदवीचा अभ्यास मुदतीपूर्वी पुरा करण्याची मुभा दिली आहे. तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत घेता येईल. निवड पहिल्या वा दुसऱ्या सत्रानंतर होईल व तीस जागांच्या दहा टक्क्यांची मर्यादा राहील. अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांनाही हा मार्ग आता मोकळा आहे. ही सवलत प्रवेशानंतरची आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. तीत वाचणारे सत्र एक, आणि ते वाचते बारावीचे प्रमाणपत्र हाती आल्यानंतर. जिल्ह्याबाहेर खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यास एका सत्राचे भाडे व जेवणखर्च वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र निवासभत्त्याच्या व शिष्यवृत्तीच्या योजना शैक्षणिक वर्षाच्या मापाने आखलेल्या असून पाच सत्रे म्हणजे अडीच वर्षे होतात. त्या अर्ध्या वर्षाचा हिशेब कोणत्या रकान्यात घालावयाचा, हे समाजकल्याण आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांना पहिल्या अर्जाबरोबरच ठरवावे लागेल.